साठ आयरिश लोको आणि माझी एक सही

मार्केट यार्डाजवळ राहणारा माझा मित्र इक्बाल गेल्याची बातमी मला डब्लिनहून कळली. मी राहतो त्या धायरीहून त्याचं घर बसनं पाऊण तास, स्वारगेटला चहा घ्यायला थांबलं तर तास. पण त्याच्या बायकोकडे, भाभींकडे, माझा नंबर नव्हता आणि इक्बालचा फोन त्याच्या बोटाशिवाय उघडत नव्हता. नंबर होता तो आयर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीकडे, रुबीनाकडे. "वानखडेचाचा, अब्बा गेले," ती म्हणाली. दुपारची नमाज झाली, जरा पडतो म्हणाला, तो उठलाच नाही. मी पोचलो तेव्हा जनाजा खाली आणला होता. मला खांदा द्यायला जागा मिळाली, पण वीसेक पावलंच. मग मागून कुणीतरी माझ्या जागी आलं. त्याला आता तीन महिने होऊन गेले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायचं तर एक गोष्ट कबूल करावी लागणार होती. इक्बाल तांबोळीनं उभ्या आयुष्यात मला एकच गोष्ट वाचायला दिली, आणि ती न वाचताच मी तिच्याखाली 'तपासलं, ठीक' अशी सही केली.

आम्ही दोघांनी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये तीस-बत्तीस वर्षं एकत्र काढली. तो फिटर, मी तपासनीस. दुरुस्त झालेली लोको शेडबाहेर काढायची तर शेवटची सही माझी लागायची. शेडमध्ये अख्ख्या गाडीला लोको म्हणतात आणि तिच्या पोटात धडधडणाऱ्या यंत्राला इंजिन, तेवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. दुरुस्तीच्या वहीत दोन रकाने असत. डावीकडे ड्रायव्हरनं लिहिलेली तक्रार, उजवीकडे फिटरनं काय केलं ते, आणि खाली माझी सही. मी प्रत्येक झाकण उघडून बघायचो. बोल्ट आवळलाय म्हणून सांगितलं तरी स्वतः पाना लावायचो. "हा अकोल्याचा माणूस म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर," असं इक्बाल सगळ्या शेडला सांगत असे. लोक माझ्यावर वैतागायचे, तो मात्र काम संपलं की स्वतःच कंदील घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "ये, बघ. तू बघितल्याशिवाय मला घरी गेल्यासारखं वाटत नाही." मी निवृत्त झालो त्या दिवशी त्यानं भाषण केलं. भाषण एका वाक्याचं होतं: वानखडेनं न बघता कधी सही केली नाही. मला ते तेव्हा फार आवडलं होतं.

इक्बालच्या निवृत्तीनंतर रुबीनानं आईवडिलांना तीन महिने आयर्लंडला नेलं. भाभी रमल्या, हा आठवड्यात कंटाळला. मला फोनवर सांगायचा, "इथं पाऊस पडतो असं म्हणता येत नाही रे, इथं पाऊस राहतो." मग एका रविवारी जावयानं त्याला जुन्या गाड्या जपून ठेवलेल्या एका जागी नेलं आणि तिथं त्याला ती भेटली... चाकांच्या सहा जोड्यांची, दोन्ही टोकांना केबिन असलेली एक म्हातारी डिझेल लोको. त्या वर्गाच्या एकूण साठ. वाफेला निरोप द्यायचा म्हणून आयर्लंडनं पन्नासच्या दशकात त्या इंग्लंडहून मागवल्या. तिथले रूळ आपल्यापेक्षा तीन इंचांनी अरुंद, एवढा फरक सोडला तर इक्बालला परकं काही वाटलं नाही. तिथं एक निवृत्त फिटर दर रविवारी नुसता तेलाचा डबा घेऊन यायचा. याचं इंग्रजी तोडकं, त्याचं याला कळत नव्हतं. दोघं एकमेकांना बोटांनी गळतीच्या जागा दाखवत बसले आणि पुढचे सगळे रविवार इक्बालनं तिथंच काढले.

परत आला तो बदलून आला. मला घरी बोलावून सगळं सांगितलं आणि मी हे लिहून काढणार म्हणाला. त्या लोकोंचं दुर्दैव असं की अंगकाठी उत्तम आणि आतलं इंजिन वाईट. थरथरायचं, भेगाळायचं, धूर ओकायचं, तेल गाळायचं. आणि वरून रंग दिला होता चंदेरी. "ज्याला हा रंग सुचला त्यानं आयुष्यात शेडचं तोंड पाहिलं नसणार," इक्बाल म्हणाला. डझनभर वर्षं अशीच गेल्यावर एकेका लोकोचं जुनं इंजिन काढून अमेरिकेहून आणलेलं नवं बसवलं आणि नंबराच्या शेवटी 'आर' हे अक्षर जोडलं. मग त्याच लोको पुढं पंचवीसेक वर्षं बिनतक्रार पळाल्या. एवढं सगळं पुस्तकांत आहे, मग तू पुन्हा कशाला लिहितोस, असं मी विचारलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "इंजिन वाईट होतं हे सगळ्यांनी लिहिलंय," तो म्हणाला. "ते वाईट इंजिन डझनभर वर्षं रोज सकाळी चालू करून कुणी दिलं, हे कुणीच लिहिलेलं नाही." मला त्यात आमची शेड ऐकू आली नाही असं नाही. पण मी म्हटलं, लिही बाबा. नव्याचे नऊ दिवस, होईल शांत, असं मनात धरून मी घरी आलो.

तो शांत झाला नाही. दोन वर्षांत चार फुलस्केप वह्या मराठीत भरल्या. आयरिश फिटरला रुबीनामार्फत प्रश्न पाठवायचा, उत्तरं यायची, ती लिहून काढायचा. गेल्या वर्षी तो त्या वह्या घेऊन माझ्याकडे धायरीला आला. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं उभी रेघ मारलेली होती, डावीकडे त्याचं लिखाण आणि उजवा रकाना कोरा. "उजवीकडे तू लिही," तो म्हणाला. "जिथं पटणार नाही तिथं लिही. घाई नाही." माझ्या घरी तेव्हा आजारपण होतं, ते कारण पुढं करता येईल, पण खरं कारण ते नव्हतं. मला डिझेलचा कंटाळा आला होता. आयुष्यभर डोळ्यात तेल घालून दुसऱ्यांची कामं बघितली, आता परदेशातल्या साठ लोको कोण तपासणार... पहिल्या वहीचं पहिलं पान वाचलं, झोप लागली. दोन दिवसांनी चौथ्या वहीच्या शेवटी 'तपासलं, ठीक' लिहून सही केली आणि वह्या नेऊन दिल्या. त्यानं सही पाहिली, मान हलवली, आणि भाभींना सांगून मला शीरखुर्मा वाढायला लावला. ईद होऊन चार दिवस झाले होते, त्यानं माझ्यासाठी राखून ठेवला होता. मी दोन वाट्या खाल्ल्या. त्यानंतर आम्ही सात-आठदा भेटलो असू. वह्यांचा विषय त्यानं काढला नाही आणि मी तर काढणारच नव्हतो.

इक्बाल गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, विधीला, रुबीना आलेली होती. जेवणं झाल्यावर तिनं वह्या टेबलावर काढल्या. छापून अब्बांच्या ओळखीच्यांना द्यायच्या, त्या आयरिश म्हाताऱ्यालाही एक प्रत न्यायची असं तिचं ठरलं होतं. "चाचांनी तपासलंय, त्यामुळे टेन्शनच नाही. डायरेक्ट टाइप करायला देते," ती पाहुण्यांना सांगत होती. त्यात चूक निघाली तर ती आता इक्बालच्या नावावर कायमची बसणार होती, आणि खाली साक्षीला माझी सही. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. भाभी भांडी आवरत होत्या.

"भाभी, मी ते वाचलेलं नाही," मी म्हटलं. "एक पान सोडून काहीच नाही."

त्यांनी पातेलं पालथं घातलं. "त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मी ओट्याला टेकलो. मग त्याच सावकाश म्हणाल्या, "तुम्ही गेलात आणि ते हसले. म्हणाले, दोन दिवसांत चार वह्या, आणि एक चूक नाही? वानखडेला चूक सापडली नाही असं कधी झालंय? पाट्या टाकल्यात त्यानं. मी म्हटलं, मग परत द्या की त्यांना. तर म्हणाले, नको. थकलाय तो. जरा बसू दे त्याला."

"मग दुसऱ्या कुणाला दाखवायचं होतं."

"तेही म्हटलं मी. म्हणाले, दुसऱ्याला काय कळतंय. वाट बघू." त्यांनी हात पुसले. "वर्षभर रोज त्या वह्या पुसून ठेवायचे. मला वाटलं, तुम्ही आज ना उद्या मागाल."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बाहेर येऊन रुबीनाला सांगितलं की एवढ्यात टाइपिंगला देऊ नको, आणि का ते सगळ्यांसमोर सांगितलं. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. तिनं वह्या पिशवीत घातल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

आता मी रोज सकाळी चार पानं वाचतो. त्याहून जास्त डोळ्यांना झेपत नाही. चांगलं लिहिलंय त्यानं. कुठं कुठं पाल्हाळ आहे, दोन ठिकाणी लोकोचे नंबर उलटसुलट झालेत, ते उजवीकडे लिहिलं. चंदेरी रंगावर दीड पान घालवलंय, 'कमी कर' असं लिहिलं. दुसऱ्या वहीत त्या आयरिश फिटरची एक गोष्ट आहे. तो म्हणे झाकण न उघडता, नुसत्या वासावरून सांगायचा की आत भेग पडलीय. मला हे पटत नाही. मी तीस वर्षं झाकणं उघडलीत, मला कधी वास आला नाही. परवा मी उजव्या रकान्यात लिहिलं, 'वास नेमका कसला? समक्ष बोलू.' पेनाला टोपण लावलं, पान उलटलं, पुढच्या दोन ओळी वाचल्यासुद्धा... आणि मग हात थांबला. पान मागं घेतलं. ते खोडायला हवं, तपासणीत असा शेरा चालत नाही. अजून खोडलेलं नाही.