किलेदार आत आहे

वनमाला काकडेच्या वाटेला जाऊ नये, असं कंपू मोहल्ल्यातल्या लोकांचं जुनं मत आहे आणि ते खोटं नाही. टेलिफोन एक्सचेंजात तिनं उभी हयात बोर्डावर काढली. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड आणि जिभेवर निखारा. ऑपरेटर बायकांना पाठीची खुर्ची मिळत नव्हती तेव्हा तिनं आपलं मोडकं स्टूल उचलून साहेबाच्या खोलीत नेलं आणि म्हणाली, आजपासून तुम्ही यावर बसा, मी तुमच्या खुर्चीवर बसते. खुर्च्या आल्या. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्यांना ती उलट विचारायची, तुम्ही करून काय दिवे लावलेत? भाऊ आणि भावजय पाठोपाठ गेले तेव्हा त्यांचा मल्हार तिच्या पदरात आला. तिच्या आयुष्यात मऊ म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

तो मल्हार ऐन पंचविशीत काविळीनं गेला. टोपी बाजारात एका ठोक व्यापाऱ्याकडे कामाला होता. संध्याकाळी घरी आला की कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि 'रणगड' खेळायचा. कुठली कुठली माणसं त्या खेळात शिरायची, किल्ले बांधायची, एकमेकांच्या मदतीला धावायची. मल्हारचं तिथलं नाव किलेदार. आत्या जेवायला हाका मारून थकायची, तर हा म्हणायचा, थांब गं, आत लोक वाट बघतायत. त्यावर ती म्हणायची, मग बाहेरचे काय मेलेत? हे वाक्य पुढे तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं.

तो गेल्यावर तिनं कॉम्प्युटरवर जुनं पातळ टाकलं आणि त्या खोलीचं दार ओढून घेतलं. ते उघडायला लावलं शरयूनं. शरयू सराफ्यातल्या एका पेढीवर बिलं करते, मल्हारच्या बरोबरीची, त्याच खेळातली त्याची जोडीदार. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी आली आणि चहाचा कप हातात तसाच धरून बसली.

"आत्या, एक बोलू? गुस्सा नका करू."

"बोलल्याशिवाय कसं ठरवू?"

"किलेदार दिसतो. रोज दोपहर को. कुणाशी बोलत नाही. खेळातल्या आपल्या घराच्या दारात येऊन खडा रहता है, बस. मी हाक मारली तर माझ्याकडे वळून बघितलं त्यानं."

वनमालाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. शरयू काही खोटं बोलणारी पोर नव्हती. आणि तिचं म्हणणं एवढ्यावर संपलंही नव्हतं. मल्हारचं घर ज्यावर होतं तो खेळाचा 'उत्तर' सर्व्हर कंपनी बंद करत होती, सगळ्यांचं 'मध्य' सर्व्हरमध्ये विलीनीकरण व्हायचं होतं. महिना संपायच्या आत ज्यानं त्यानं आपल्या नावानं आत शिरून हजेरी लावायची. जो लावणार नाही त्याचं नाव, घर, सगळं पुसलं जाणार. आणि मल्हारच्या त्या घराच्या दारावर त्याचा आवाज होता. दारात कुणी आलं की तो आवाज बोलायचा. दुसरीकडे कुठेही तो आवाज आता उरलेला नव्हता.

विलीनीकरण हा शब्द शरयूला कंपनीच्या नोटिशीतून कळला. वनमालाला तो पाळण्यातून माहीत होता. तिचे आजोबा, कान्होजी काकडे, रियासतीच्या पलटणीत होते. रियासत विलीन झाली, पलटणींची फेररचना निघाली, आणि ज्या दिवशी नव्या फौजेसाठी माणसं उभी केली त्या दिवशी आजोबा बायकोच्या बाळंतपणासाठी घरी आले होते. हजर होते ते घेतले गेले. आजोबा ना जुन्या पलटणीचे राहिले, ना नव्या फौजेचे झाले. मरेपर्यंत सकाळी गणवेशाची बटणं घासायचे आणि दारात उभे राहायचे, कुणी बोलवायला येईल म्हणून. लहानपणी वनमालाला त्यांची भीती वाटायची. जिवंत माणूस होता, पण डोळ्यांत कुणी नव्हतं.

"माझ्या घरातला आणखी एक माणूस गैरहजर म्हणून पुसू देणार नाही," ती म्हणाली आणि उठून पातळ ओढलं.

खेळ काही उघडेना. बटण दाबलं की गोल चक्र फिरायचं आणि मग लाल पाटी यायची, संपर्क होऊ शकला नाही. एक्सचेंजात लाइन बिघडली की वनमालाची एक रीत असे. आधी आपला बोर्ड तपासायचा, मग आपली तार, मग पुढचं ठाणं, असं एकेक ठाणं ओलांडत जायचं. मधलं एकही सोडायचं नाही आणि आपली बाजू तपासल्याशिवाय पलीकडच्याला शिव्या द्यायच्या नाहीत. तिनं शरयूला तसंच करायला लावलं. राउटर बंद करून चालू केला. तार उंदरानं कुरतडली होती, ती बदलली. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला तर तिथं माणूसच नव्हता, यंत्र होतं आणि तेही माफी मागण्यात पटाईत. त्या यंत्राला वनमालानं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग शरयूचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. बंद राहून राहून आतला छोटा सेल मेला होता आणि कॉम्प्युटर जुन्याच कुठल्या तारखेला जाऊन बसला होता. तारीख चुकली की खेळाचा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो, असं शरयू म्हणाली. वनमाला त्या तारखेकडे बघत राहिली. कॉम्प्युटरच्या हिशेबानं मल्हार अजून शाळेत होता. चड्डी, दप्तर, गुडघ्याला खपली. तारीख दुरुस्त करायला शरयूनं हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "थांब जरा." आणि थोड्या वेळानं, "कर."

तारीख आजची झाली. या खेपेला चक्र फिरलं, किल्ल्याचं चित्र आलं, नगारा वाजला. पासवर्ड कॉम्प्युटरला पाठ होता. आणि मग वेगळीच पाटी आली. किलेदार या क्षणी आत आहे. एका वेळी एकालाच प्रवेश.

शरयूनं खुर्ची मागे सरकवली. वनमालाच्या कानात जुना हेडफोन जागा झाला होता. लाइन मेलेली असली की कानात पोकळी येते. एंगेज लागली तर तिकडं कुणीतरी फोन उचललेला असतो. हे तिला आयुष्यभर माहीत होतं, आणि तरी त्या घटकेला तिनं पडद्याला हात लावून हळूच विचारलं, "मल्हार, तू आहेस का रे?"

शरयूनं विचारलं, "आत्या, त्याचा फोन कुठंय?"

फोन दिला होता. तेराव्याला, अंत्यविधी करणाऱ्या गोपाळकृष्ण गुरुजींना, दानात. छत्री, चपला, घोंगडी यांच्याबरोबर. गेलेल्याला जे सगळ्यात प्रिय ते द्यावं, म्हणजे त्याला वाटेत मिळतं, असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं. मल्हारला काय प्रिय होतं यावर दुमत नव्हतं. वर त्यांच्यातल्या सुलोचनाकाकू म्हणाल्या, कुलूप घातलेली वस्तू दान देऊ नये, लागत नाही. म्हणून वनमालानं शरयूकडूनच फोनचं कुलूप काढून घेतलं होतं, कशासाठी ते न सांगता. आतलं काही पुसायचं असतं हे त्या रडारडीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळा खेळ उघड्या दारासकट दिला गेला.

वनमालानं चपला घातल्या. दान दिलेलं परत मागत नाहीत, मागणाऱ्याच्या मढ्याला शांती नाही, हे ती जाणून होती. पण मागायला नाही तर भांडायला जाते आहे, असं तिनं स्वतःला बजावलं.

गुरुजी टोपी बाजारामागच्या बोळात एका खोलीत राहायचे. दार उघडं होतं. चष्मा नाकावर ओढून ते मल्हारच्या घोंगडीवर बसले होते, फोन दोन्ही हातांत धरून, जसं ताम्हन धरावं तसं. वनमालाला बघून ते उठले. तिनं नमस्कारही केला नाही.

"लाज नाही वाटत? मेलेल्या पोराचं सोंग घेऊन फिरता?"

"बसा, ताई," ते म्हणाले. ती बसली नाही. मग तेच खाली बसले. "मी चोरलं नाही काही. दिलंत ते घेतलं. यात बोट लागलं आणि हे उघडलं. बंद कसं करायचं ते कळेना. तेवढ्यात दहा जण धावत आले. 'किलेदार भाई आ गए', 'किलेदार भाई, कहाँ थे इतने दिन'."

"ते मल्हारला म्हणत होते."

"ठाऊक आहे मला. मला कोण म्हणणार?" गुरुजी हसले, पण ते हसू गालापर्यंत पोचलं नाही. "बारशाला, लग्नाला मला बोलावत नाहीत. सकाळी समोर आलो तर माणसं परत फिरून पाणी पिऊन निघतात. या पायात मेलेल्यांच्या चपला, अंगावर त्यांचीच पांघरुणं. आयुष्य गेलं त्यात. पण कुणी हाक मारली नव्हती हो. मी उत्तर नाही देत कुणाला. खोटं बोलायचं नाही म्हणून. नुसता उभा राहतो."

वनमालाचा राग कुठं ठेवावा तेच तिला समजेना. ज्या शहरानं या माणसाकडून आपले बाप, भाऊ, पोरं मार्गी लावून घेतली आणि मग तोंड फिरवलं, त्या शहरात तीही होती. तेराव्याला दक्षिणा तिनंही वरून टाकली होती, हात लागू न देता. साहेबाला खुर्चीवरून उठवणारी बाई.

"घेऊन जा," त्यांनी फोन पुढे केला. "दोष लागला तर मला लागू दे."

तिनं हात मागे घेतला. मग त्यांच्या शेजारी घोंगडीवर बसली. "दार दाखवा," म्हणाली.

काचेवर एक दगडी घर होतं, दारासमोर पाठमोरा शिपाई. गुरुजींनी बोटानं त्याला एक पाऊल पुढे नेलं आणि फोनमधून मल्हार बोलला. "कोण आहे? चपला बाहेर काढा, आत्या ओरडेल." मागे हसू, आणि त्याच्याही मागे, भांड्यांच्या आवाजात, जेवायला हाक मारणारी तिचीच हाक. ती रेकॉर्ड झाली होती हे तिला कधी कळलंच नव्हतं.

"मी आत गेलो नाही कधी," गुरुजी म्हणाले. "घर त्याचं आहे. मी दारापर्यंतच."

पदरानं नाक पुसून तिनं हजेरीचं सांगितलं. नोटीस दोघांनी मिळून वाचली. गुरुजींनी संकल्प सोडताना डोळे मिटावेत तसे मिटले आणि 'हजर' वर बोट ठेवलं. किलेदार 'मध्य' सर्व्हरमध्ये गेला, घरासकट, आवाजासकट.

त्यानंतर त्यांचं ठरून गेलं. जेवणं झाली की गुरुजी आत शिरायचे. वनमाला इकडे कॉम्प्युटर लावून बटण दाबायची, आणि पाटी यायची, किलेदार या क्षणी आत आहे. तेवढं वाचून ती बंद करायची. इतर वेळी ती बटणाला हात लावत नसे. शरयू म्हणायची, आत्या, ये क्या पागलपन है, त्यांना सांगून एक दिवस तुम्हीच आत जा ना. वनमाला म्हणायची, एंगेज आहे तेच बरं आहे.

पौषातल्या एका दुपारी तिनं बटण दाबलं आणि पाटी आली नाही. नगारा वाजला, किल्ल्याचा दरवाजा उघडला आणि ती आत होती. शिपाई घराच्या दारात उभा होता. हलत नव्हता. इतक्या खटपटी करून जी लाइन एकदा जोडायची होती ती आपोआप जोडली गेली होती, म्हणजे पलीकडे कुणी नव्हतं. तिनं गुरुजींना फोन लावला. तिकडं घंटा वाजत राहिली.

ती पोचली तेव्हा बोळात माणसं होती, पण खोलीपासून लांब. पहाटे गेले असावेत, असं कुणी म्हणालं. शहराच्या अख्ख्या लष्कर भागाची मढी ज्यानं मार्गी लावली त्याला हात लावायला कुणी पुढे येईना, कुणी म्हणे नगरपालिकेची गाडी बोलवा. मग वनमाला काकडेनं तोंड उघडलं. बोळातल्या प्रत्येकाला तिनं त्याच्या त्याच्या घरातल्या मेलेल्यांची नावं घेऊन विचारलं, त्यांना कुणी पोचवलं होतं? चार खांदे मिळाले. एका बाजूला ती स्वतः लागली.

न्हाऊन घरी आली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. खोलीतला पडदा तसाच उजळलेला होता. किलेदारभोवती माणसं जमली होती आणि खाली ओळी सरकत होत्या. भाई, आज बहुत देर से खड़े हो. भाई, तबीयत ठीक है? नया किला देखने चलोगे?

तिनं ठरवलं होतं, आता सांगून टाकायचं. किलेदार गेला, दोनदा गेला. ओल्या केसांनी ती खुर्चीवर बसली आणि एका बोटानं अक्षरं शोधू लागली. किलेदार, एवढं लिहून झालं. पुढचा शब्द बोटातून उतरेना.

चलो ना भाई, पुन्हा ओळ आली. सब रुके हैं.

वनमालानं लिहिलेलं पुसलं. शरयू आपल्या खेळात चालायला कोणती कळ दाबायची ते तिनं बघून ठेवलं होतं. तिनं ती दाबली, आणि शिपायानं दाराकडे पाठ केली व लोकांच्या मागोमाग चालू लागला.