ओळखीची सही

वकिलीची सनद मिळून मला दोन महिने झाले होते. मुंबईला जाऊन शपथ घेऊन आले, आईने गल्लीत पेढे वाटले, आणि मी सनद कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. भिंतीवर लावली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्याने काहीतरी विचारलं असतं, आणि मग बोलावं लागलं असतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, कायदाही इंग्रजीतच शिकले. घरी मराठी बोलत होतो, पण वाचायची सवय नव्हती. आणि कोल्हापूरच्या खालच्या कोर्टात समोर येणारा जवळजवळ प्रत्येक कागद मराठीत. सदर, सबब, मजकूर, इसम. मी ओळीखाली बोट ठेवून वाचायची. ज्या सीनियर वकिलांकडे मी काम शिकत होते, त्यांचे कारकून कोर्टात मुरलेले. मी त्यांना काका म्हणायची. ते माझं बोट बघून म्हणायचे, "मॅडम, प्रतिज्ञापत्र हाय ते, पोथी न्हवं."

प्रतिज्ञापत्र करणाऱ्या माणसाला शपथ देणारा अधिकारी ओळखत नसतो. म्हणून खाली एका वकिलाने सही करायची असते, की या माणसाला मी व्यक्तिशः ओळखतो. आमच्या ऑफिसात ही सही ज्युनिअरने करायचा रिवाज होता. काका सकाळी चार-पाच कागद माझ्यापुढे ठेवत, "सह्या मारा, गर्दी व्हायच्या आत उरकतो" म्हणत, आणि मग एकेका माणसाला आवारातून शोधून अधिकाऱ्यासमोर उभं करत. सही आधी, माणूस नंतर. मला ते सोयीचं होतं. कागदाशी बोलावं लागत नाही.

त्या दिवशी त्यात चंदगडकडच्या एका बाईचा कागद होता. तिचे वडील वारले होते आणि जमिनीला वारस म्हणून तिचं नाव लागायचं होतं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे, आणि ती बाई मीच, एवढंच तिला शपथेवर सांगायचं होतं. मी सही केली. बाई मी पाहिलीसुद्धा नाही.

दुपारी बाररूमच्या कोपऱ्यात डबा उघडला. शेजारच्या टेबलावर दोन ज्येष्ठ वकील गप्पा मारत होते.

"बार कौन्सिलनं त्याला शिस्तपालन समितीपुढं बोलावलंय म्हणे."

"केलं काय त्यानं?"

"ओळखीची सही. ज्याला ओळखतो म्हणाला, तो माणूस दोन वर्षांमागंच मेलेला."

"मग काय झालं? जिता असताना ओळखत असंल की!"

"हस तू. सनद जाईल त्याची."

चपातीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. मला साड्यांखालची सनद दिसायला लागली. मग त्याहून वाईट विचार आला. त्या बाईच्या नावाने दुसरीच कुणी येऊन अंगठा देऊन गेली असेल तर? उद्या ती दुसरीच बाई कुणाच्या तरी जमिनीवर नाव लावेल, आणि खऱ्या लेकीला पत्ताही लागणार नाही.

डबा तसाच बंद करून मी सीनियरांच्या टेबलाशी गेले. न विचारता त्यांच्याशी बोलायची ती पहिलीच वेळ होती. इंग्रजीत सुरुवात केली, मराठीत संपवली. ते रागावले नाहीत, त्यांनी काकांना हाक मारली.

"ती चंदगडची बाई कुठे आहे?"

"गेली की स्टँडवर. तीनची गाडी हाय तिला."

"कागद?"

"पिशवीत हाय. उद्या जातोय तलाठ्याकडं."

"तुम्ही ओळखता तिला?"

"तिच्या जावेच्या भावानं आणलीती, साहेब." एवढं बोलून काकांनी पिशवी उघडली.

सीनियरांनी कागद मागून घेतला आणि माझ्या हातात दिला. "उद्या काही निघालं तर तो जावेचा भाऊ कुठं सापडणार नाही, आणि काका दोन वर्षांनी रिटायर होतील. खाली सही तुमची आहे. जा, बघून या. तीच असली तर प्रश्न मिटला. नसली तर कागद मी स्वतः फाडतो."

तीनला पंधरा मिनिटं कमी होती. मी रिक्षा पकडली. स्टँडवर उतरल्यावर लक्षात आलं, की जिला मी व्यक्तिशः ओळखते, तिला शोधायचं कसं हे मला ठाऊक नाही. म्हातारी की तरुण, काळी की गोरी, काहीच नाही. चंदगडची गाडी भरत आली होती. मी चढले, दांडी धरली आणि कागदावरचं तिचं सासरचं नाव उच्चारलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"जरा जोरात हो, मॅडम," कंडक्टर म्हणाला, "ही चंदगडची गाडी हाय, हितं कुजबुजल्यालं कुणाला कळतंय?" मग माझ्या गळ्याकडे बघून त्याने आरोळी दिली, "सरका ओ पावणं, कोर्ट आलंय गाडीत!"

गळ्यातले पांढरे बँड मी काढलेच नव्हते. कोर्टाबाहेर ते घालायचे नसतात, हाही नियमच. एका दिवसात दोन मोडले. मी ते ओढून कोटाच्या खिशात कोंबले आणि ओरडले. खरंच ओरडले. सगळी गाडी वळून बघायला लागली.

मागून चौथ्या बाकावरून एक बाई अर्धवट उठली. पन्नाशीची असेल, मांडीवर वेताची बुट्टी. "मीच की ती. काय चुकलं काय, बाय?"

"आज कोर्टात अंगठा तुम्हीच दिलात?"

तिने डावा हात पुढे केला. अंगठा फिकट निळा होता, आणि कानावरच्या पांढऱ्या केसांतही निळा पट्टा होता. शाई पुसायला फडकं नसलं की अंगठा केसांत पुसतात. कोर्टाच्या व्हरांड्यात मी ते रोज बघत होते.

म्हणजे अंगठा हिचा. पण ही कोण? मी कागद उघडला आणि बोट ठेवून वाचायला लागले. तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव. तिसऱ्या ओळीलाच पलीकडच्या बाकावरचा पटकेवाला म्हातारा बोलला, "आगं पोरी, हिला काय इचारतीस, मला इचार. हिचा बा आन् मी एका बैलगाडीतनं बाजाराला जायचो. हिच्या लग्नात वाढायला हुतो मी."

"आन् बुंदी संपवलीसा तुमीच," ती म्हणाली.

पुढून आणखी एकीने सांगितलं, की ती हिच्याच माहेरच्या आळीतली. गाडीतली निम्मी माणसं हिला ओळखत होती. फक्त मीच नव्हते ओळखत, आणि सही माझी होती.

कंडक्टरने घंटीची दोरी धरली, पण ओढली नाही. "व्हू द्या मॅडमचं वाचून," तो म्हणाला. मी उरलेला कागद शेवटपर्यंत वाचला. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. संपल्यावर म्हणाली, "असंच सांगितलंतं मी. पण सकाळी कुणी वाचून दावलं न्हाय. सावकाश वाचलीस, बरं झालं."

खाली उतरले तेव्हा पाय हलके झाले होते. गाडी गेली तरी मी तिथेच उभी होते, उगाचच हसत. परत जायला रिक्षा करावी हे सुचलंच नाही, चालत गेले.

"तीच?" सीनियरांनी विचारलं.

"तीच, सर."

त्यांनी कागद काकांकडे दिला आणि पुन्हा फाइलीत डोकं घातलं. मी म्हणाले, यापुढे माणूस समोर बसल्याशिवाय मी सही करणार नाही. काकांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे आता सहीच्या आधी माहेर इचारायचं, गाव इचारायचं, सोयरीक जुळवायला बसल्यागत! मग दिवसाला कागद किती व्हायचे, मॅडम?"

"होतील तेवढे," मी म्हणाले.

त्यांना उलट उत्तर दिलेलं ते माझं पहिलंच. त्यांनी कागद पिशवीत घातला. मी डबा उघडला. चपात्या वातड झाल्या होत्या. सगळ्या खाल्ल्या.