उशिरा उडालेला बार

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी वसईत फौजदार होतो.

उमेळ्याच्या एका निवृत्त मास्तरांच्या घरी भरदुपारी कोयता घेऊन एक माणूस शिरला. त्याने मास्तरीणबाईंच्या गळ्यातल्या साखळीला हात घातला. मास्तरांनी परवान्याची बाराबोरची बंदूक काढली. बार झाला, छर्रे त्या माणसाच्या कमरेत, पाठीमागून घुसले. तो वाचला. मास्तर स्वतः ठाण्यात हजर झाले.

मी विचारलं, "मास्तर, अंगावर चालून आलेल्याला पाठीत छर्रे कसे लागले?"

"साहेब, तो समोर होता तेव्हाच मी चाप ओढला. बार उडाला नाही. तो वळला. मी बंदूक खाली घेत होतो, तेवढ्यात उडाला."

"बंदूक काय विचार करून उडते?"

ठाण्यातले सगळे हसले. पळणाऱ्यावर गोळी झाडली की स्वसंरक्षणाचा हक्क संपतो, हे मला पाठ होतं. मी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. रविवारी जागा दाखवायला त्यांना बेड्या घालून गावातून चालवत नेलं. चर्चमधला प्रार्थनेचा मिस्सा नुकताच सुटला होता. चर्चसमोर त्यांचेच विद्यार्थी उभे होते. मास्तरांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

चार दिवसांनी इस्पितळात पहाऱ्यावर असलेला हवालदार आला.

"साहेब, तो जखमी सांगतोय, म्हाताऱ्याने चाप ओढला, नुसता खट्ट आवाज झाला. बंदूक निकामी आहे असं त्याला वाटलं, पण माणसं जमतील, म्हणून तो पळत सुटला."

त्याचा जबाब मी अजून घेतलाच नव्हता.

उरलेली काडतुसं आणायला मी उमेळ्याला गेलो. बाईंनी डबा पुढे ठेवला. काडतुसांची कागदी आवरणं फुगली होती.

"निवडणुकीच्या वेळी बंदूक, काडतुसं तुमच्याच ठाण्यात तर जमा होती सगळी," त्या म्हणाल्या. "परत मिळालं तेव्हा डबा भिजलेला होता. ह्यांनी अंगणात वाळवली."

आमच्या मुद्देमालाच्या खोलीचं छप्पर गळायचं. मी नोंदवही उघडली. 'सुस्थितीत परत केले', खाली माझी सही. मी डबा उघडूनही पाहिला नव्हता.

ठाणे शहरात, पोलीस मुख्यालयात शस्त्र तपासणाऱ्या जमादाराने काडतुसं उडवून पाहिली. दोन उडालीच नाहीत. तिसऱ्याला नुसता खट्ट आवाज झाला, आणि आम्ही एकमेकांकडे पाहत असताना धाडकन बार झाला.

"दारू दमट आहे, साहेब," तो म्हणाला. "नशीब, नळी खाली केली नव्हती."

मास्तर सुटले. माझ्या अहवालात उशिरा उडालेल्या बाराची नोंद होती. कारण मी लिहिलं होतं, 'किनारपट्टीच्या हवेतील दमटपणा'.

सुटल्यावर मास्तर बंदुकीचा परवाना परत करायला आले. अर्ज टेबलावर ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, ओल कुठली, ते लिहिलंत का?"

मी अर्जावर शिक्का मारला. ते निघून गेले. माफी मागायला मी पुढे दोनदा उमेळ्यापर्यंत गेलो, पण दोन्ही वेळा फाटकापासूनच परतलो.

आरोपीचं म्हणणं अशक्य वाटलं, तर हसण्याआधी आपली नोंदवही उघडावी. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे सांगितलं. ते मी कुठे शिकलो, हे मात्र आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.