पट्टीवरची लाल रेघ

शेठांच्या फियाटवरची लाल रेघ मी बिघडवली. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सगळ्यांच्या लेखी ती आबांनी बिघडवली, आणि खुद्द आबांच्या लेखीही.

आबा पेंटर होड्यांवर नावं घालत. मालवणपासून आचऱ्यापर्यंतच्या निम्म्या होड्या त्यांची अक्षरं मिरवत समुद्रात जायच्या. ब्रश धरला की ते करंगळी टेकवत आणि रेघ संपेपर्यंत श्वास सोडत नसत. मधेच कुणी हाक मारली तर ओ रेघ संपल्यावर मिळे, मग हाक जेवणाची का असेना. त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणत असू; त्या वैतागून म्हणत, "ह्यांका यमान हाक मारली तरी आधी रेघ पुरी करतले."

साठी उलटल्यावर किनाऱ्यावर कुजबुज सुरू झाली, म्हाताऱ्याचा हात कापतो. एका खलाशाने तर तोंडावरच विचारलं, "आबा, हात कापता काय?"

"हात खंय कापता? होडी हलता."

होडी कोरड्या वाळूत ओंडक्यांवर चढवलेली होती. सगळे हसले, आबाही हसले. पण त्या वर्षी काही नावं कुडाळच्या स्टिकरवाल्याकडे गेली.

म्हणून शेठांच्या गाडीचं काम आबांनी मागून घेतलं. आचरा तिठ्यावर माझं गॅरेज. शेठांचं मालवणात हॉटेल. वडिलांच्या वेळची फियाट त्यांना मुलीच्या लग्नात मिरवायची होती. गाडीच्या दोन्ही अंगांना क्रोमच्या पट्ट्या, आणि पट्टीच्या मधोमध लाल रेघ. ती केव्हाच उडून गेली होती. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, म्हणून आबांनी रेघेपुरती जागा पॉलिश पेपरने खरखरीत करून घेतली, मग हातानेच रेघ ओढली आणि थिनरच्या फडक्याने तिच्या कडा निरखून निरखून साफ केल्या. मी घाई केली की म्हणत, "रंगाक घाई नाय, घाई तुका आसा." जाताना बजावून गेले, "सुकाक येळ दी. पट्टीक हात लावू नको."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पाहिलं तर खाऱ्या वाऱ्याने क्रोम मळकं दिसत होतं. दुपारी शेठ यायचे होते. आई समया घासायची तसं मी आमसूल आणि राख घेऊन पट्टी घासली. क्रोम लखलखलं, आणि दारापाशी वीतभर रेघ निघून आली.

आबांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. पण बोलावलं असतं तर काय केलं तेही सांगावं लागलं असतं. गॅरेजात राहिलेला त्यांचाच ब्रश उचलून मी रेघ जोडली. ती नागमोडी आली.

दुपारी शेठ आणि आबा बरोबरच पोचले. शेठ दारापाशी वाकले आणि हसत म्हणाले, "आबानू, हात गेलो मां तुमचो!"

आबांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे पट्टीला लावले. रेघेवरून बोट नेलं. मग माझ्याकडे वळले. "हयसर हललंय काय रे मी?"

"तेव्हा उजेड कमी होतो, आबा," मी म्हटलं.

हॉटेलच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे येत. खोटं बोलायचं कारण तेवढंच.

लग्न उरकल्यावर आबा ब्रशांचा डबा घेऊन गॅरेजवर आले. "तुका ठेव. तुझो हात बरो आसा." मी डबा घेतला. पुढच्या मोसमाला नाखवे नावं घालून घ्यायला आबांच्या घरी गेले, तर आबा त्यांना म्हणाले, "स्टिकर लाव. सरळ तरी आसता." त्यानंतर त्यांनी एकही अक्षर रंगवलं नाही.

मी त्यांच्याकडे जात राहिलो. काकी कामात असल्या की चहा आबाच करत. काठोकाठ भरलेला कप आतून ओटीपर्यंत आणून माझ्यापुढे ठेवत, आणि बशीत थेंबसुद्धा सांडलेला नसे. मी तो चहा पिऊन उठत असे.

काही वर्षांनी आबा गेले. मी खांदा दिला. काकी आजही आल्यागेल्याला सांगतात, "आधी हात गेलो, मगे माणूस गेलो." मी तिथे असलो तर मान डोलावतो.

आबांचा हात गेला नव्हता. ती वीतभर रेघ माझी होती. काकींच्या समोर बसून एवढं सांगणं अजून माझ्याकडून बाकी आहे.