रीळ संपेपर्यंत

तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे कुलूप. हे नाव कोणी ठेवलं ते कधी कळलं नाही, पण बसलं ते चपखल. संशोधन केंद्रातल्या अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये ती पाळीची इनचार्ज होती, आणि पाळी संपली म्हणून ती खुर्चीतून उठली असं कधी झालं नाही. पुढचा इनचार्ज आत यायचा, सगळे काटे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, काय चालू, काय बंद, कोणता पंप कुरकुरतोय हे तिच्या तोंडून ऐकून घ्यायचा आणि तिच्या हातातली कन्सोलची किल्ली आपल्या हातात घ्यायचा. मगच ती उठायची. भट्टी चालू असताना इनचार्जनं जागा सोडायची नाही, हा नियम सगळ्यांनाच होता. बाकीचे जिन्यात भेटले तर जिन्यातच किल्ली देऊन मोकळे होत. ही मेली नियम खरा मानून बसलेली.

एकदा एका ऑपरेटरनं उठायचा कंटाळा केला आणि काटा न बघता मागच्या तासाचाच आकडा पुढे लिहून टाकला. तिनं जाऊन पाहिलं तर आकडा बरोबर निघाला. तरी महिनाभर तिनं त्याला कन्सोलला हात लावू दिला नाही. तो गयावया करत होता, मॅडम, आकडा तर तोच आहे ना? तिचं एकच म्हणणं, आकडा खरा असेल, तू खोटं लिहिलंस. तेव्हापासून ऑपरेटर तिला टरकून असत आणि तिच्याच पाळीत निवांत असत.

हा हट्ट तिच्या अंगात वडिलांकडून आला होता. वडील एका सिनेमाघरात प्रोजेक्टर चालवत. धाकट्या मुलाच्या वेळी बायको दवाखान्यात कळा सोसत होती आणि हे केबिनमध्ये शेवटचं रीळ संपायची वाट बघत बसले होते. आईनं ते त्यांना जन्मभर ऐकवलं. ते शांतपणे म्हणत, माणसं अंधारात बसलीत, त्यांना तसंच टाकून कसा उठू? समोर एक माणूस असला तरी खेळ पुरा करायचा. कोणीच नसलं तर मीही मशीन बंद करून घरी येईन, मला काय हौस आहे उगाच बसायची? मुलगी अणुभट्टीवर लागली तेव्हा नातेवाइकांनी अंधारात चमकतेस का म्हणून विचारून तिचं डोकं उठवलं. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, बसायला खुर्ची बरी आहे ना.

तिचं लग्न राहूनच गेलं. पाळ्यांमुळे राहिलं की स्वभावामुळे, यावर घरात दोन पक्ष होते. आई गेल्यावर वडील धाकट्याकडे राहायला गेले. सुट्टीच्या दिवशी ही जायची, बापलेक गॅलरीत बसून फारसं काही न बोलता चहा प्यायचे, आणि तेवढ्यावर दोघांचा आठवडा निघायचा.

त्यांना दवाखान्यात ठेवलं त्या आठवड्यात केंद्रात सुरक्षा सप्ताह चालू होता. भिंतींवर घोषणा चिकटवल्या होत्या, मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर कुंड्या आणून मांडल्या होत्या, आणि वर्षभर बंद पडलेला आणीबाणीच्या दाराजवळचा दिवा एका रात्रीत दुरुस्त झाला होता. शुक्रवारी समारोप. मोठे पाहुणे येणार होते. तिची सकाळची पाळी होती. अजून दोन-चार दिवस काही नाही असं डॉक्टर आदल्या रात्री म्हणाले होते, म्हणून ती कामावर आली होती.

पाळी संपत आली तेव्हा कंट्रोल रूमचा फोन वाजला. आत मोबाइल न्यायला बंदी होती, म्हणून भावानं एक्स्चेंजमधून फोन लावला होता. त्याचा आवाज फाटला होता.

"ताई, डॉक्टर म्हणतायत आत्ताच ये. बाबा दाराकडे बघतायत सारखे."

"निघते," ती म्हणाली. "पुढचा माणूस आला की लगेच निघते."

पुढचा माणूस म्हणजे दुपारचा इनचार्ज. त्याचं नाव येतोच, कारण उशीर झाला की तो फोनवर तेवढंच म्हणायचा. त्या दिवशी मात्र बिचाऱ्याचा दोष नव्हता. तो वेळेआधीच आला होता, आणि फाटकातूनच त्याला समारंभाच्या हॉलमध्ये पिटाळलं होतं. सगळे इनचार्ज पुढच्या रांगेत दिसले पाहिजेत, फोटो आहे, असा संचालकांचा हुकूम होता. पाहुणे उशिरा आले होते आणि आता भाषणाला उभे होते. हॉलच्या दाराशीच सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले होते, सुरक्षेसाठी.

तिनं हॉलवर फोन केला. संचालकांचा सेक्रेटरी कुजबुजत म्हणाला की पाहुणे आता रंगात आलेत, पहिल्या रांगेतून कोणाला मधूनच उठवणं बरं दिसत नाही, पाच मिनिटं थांबा. तिनं वडिलांचं सांगितलं. तो म्हणाला, अरेरे, आणि पुन्हा म्हणाला, पाच मिनिटं. मग तिनं फाटकावरच्या रखवालदाराला पाठवलं. तो हॉलच्या दारापर्यंत जाऊन परत आला, कारण आत सुरक्षेवर भाषण चालू होतं आणि सुरक्षेवर भाषण चालू असताना आत जायला मनाई होती.

भावाचा दुसरा फोन आला. या वेळी नुसता श्वास ऐकू आला आणि फोन ठेवला गेला.

कन्सोलवर दोघं ऑपरेटर होते. त्यातला म्हातारा, जो तिच्याबरोबर केस पिकवत आला होता, हळूच म्हणाला की मॅडम, किल्ली ठेवा माझ्यापाशी आणि जा, कोणाच्या बापाला कळणार नाही. तिनं मान हलवली. मग तो म्हणाला, "तर मग भट्टीच बंद करा. तुमच्या हातात आहे. बंद भट्टीवर आम्ही दोघं चालतो, नियमात आहे."

खरंच तिच्या हातात होतं. लाल बटण हाताशी होतं. ते दाबलं की भट्टी एका क्षणात विझणार आणि ती मोकळी. पण भट्टीच्या पोटात त्या वेळी औषधाचा माल शिजत होता. छोट्या नळ्यांमध्ये भरलेला तो माल आठवडाभर आत ठेवला की त्याच्यातून दवाखान्यांसाठी औषध निघतं. ते रोग्याच्या अंगात सोडलं की गाठ कुठे आणि किती पसरलीय ते यंत्रावर दिसतं. माल संध्याकाळी बाहेर निघायचा होता. मध्येच भट्टी विझवली तर तिच्या पोटात एक विष साचतं आणि ते ओसरेपर्यंत दीड-दोन दिवस ती पेटतच नाही. म्हणजे माल कच्चा, आठवडा फुकट. आणि कुठल्या तरी दवाखान्यात कोणी तरी तारीख मिळवून, उपाशीपोटी येऊन बाकावर बसणार आणि त्याला सांगितलं जाणार, औषध आलं नाही, पुढच्या आठवड्यात या. अशा रोग्याला एक आठवडा म्हणजे काय, हे तिनं आईच्या वेळी पाहिलं होतं.

तिचा हात बटणापर्यंत गेला. दोघं ऑपरेटर बघत होते. मग तिनं तो हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. म्हातारा दुसरीकडे बघायला लागला.

येतोच आला तेव्हा त्याच्या एका हातात फुलांचा गुच्छ आणि दुसऱ्या हातात चकचकीत ढाल होती. वर्षातली सर्वांत सुरक्षित पाळी म्हणून तिच्याच पाळीला बक्षीस मिळालं होतं आणि ती हजर नाही म्हणून त्यानं तिच्या वतीनं घेतलं होतं. दारातच म्हाताऱ्यानं त्याला काय ते सांगितलं. त्यानं ढाल टेबलावर टाकली, किल्लीसाठी हात पुढे केला आणि म्हणाला की जा तुम्ही, मी वाचून घेतो सगळं. आणि हिनं काय करावं? त्याला काट्यांपुढे उभं करून, एकेक काटा दाखवून, कुरकुरणाऱ्या पंपासकट सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. राग येतो सांगताना. पण तिला दुसरं काही येतच नव्हतं.

बाहेर पडायच्या दाराशी हाता-पायांना किरणोत्सारी धूळ लागलीय का ते तपासायचं यंत्र होतं. ते उजव्या बुटावर ओरडलं. बूट तिथेच काढून ठेवावे लागले. पाय धुऊन, पुन्हा तपासून, भांडारातल्या पिवळ्या रबरी चपला घालून ती टॅक्सीत बसली.

दवाखान्यात पोचली तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. भाऊ व्हरांड्यात बसला होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं, त्या पिवळ्या चपलांकडे, आणि उठून खिडकीशी गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिनं ते मुकाट्यानं सोसलं. मनाशी ती एवढंच म्हणायची की समोर माणसं बसली होती, आणि तेवढ्या आधारावर तिला झोप लागायची.

रजा संपवून कामावर आली तेव्हा काही कामासाठी ती तळघरातल्या रवानगी विभागात गेली. कोपऱ्यात शिशाच्या जाड डब्यांची रांग होती आणि त्यांवर त्याच शुक्रवारच्या मालाच्या चिठ्ठ्या होत्या. तिला वाटलं रिकामे डबे परत आलेत. रवानगीचा कारकून म्हणाला, रिकामे कुठले मॅडम, भरलेलेच आहेत, कचऱ्यात जायचेत.

"का?"

"गेलाच नाही माल. औषधाच्या गाडीबरोबर सोबतीची गाडी लागते ना, ती त्या दिवशी पाहुण्यांना आणायला-पोचवायला गेली होती. मग शनिवार, रविवार. सोमवारी दवाखान्यांनी घ्यायला नकार दिला. हा माल ताजा लागतो, पडून पडून त्याची ताकद निम्म्याच्या खाली गेली होती."

मग तिनं विचारलं की गाडी नाही हे कधी कळलं होतं.

"सकाळीच कळलं होतं."

"मग वर कंट्रोल रूमला का नाही सांगितलं?"

"वरून कोणी विचारलं नाही," कारकून म्हणाला. तो उर्मट नव्हता. खरं तेच सांगत होता.

एक फोन. बसल्या जागेवरून खाली एक फोन केला असता, माल आज जाणार ना, एवढं विचारलं असतं, तर ती बटण दाबून निघाली असती. वडील दाराकडे बघत होते तोवर पोचली असती. पंपाची कुरकुर तिला पाठ होती, पाण्याचं तापमान पाठ होतं, आणि खेळ कोणासाठी चाललाय, समोर माणूस आहे की नाही, हे बघायचं तिला सुचलं नव्हतं. कारण ते बघणं तिच्या कामात नव्हतं, आणि ज्यांच्या कामात होतं ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

तिनं संचालकांकडे जाऊन सांगितलं की याची नोंद झाली पाहिजे. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, वडिलांबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मग समजूत घातली. अपघात नाही, गळती नाही, कोणी नियम मोडलेला नाही. नोंद करायची तरी कशाची? उलट तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते आम्ही नव्या मुलांना उदाहरण म्हणून सांगतो. ती उठून आली. ढाल कंट्रोल रूमच्या कपाटावर ठेवली होती. तिनं ती खाली काढली नाही, पुसलीही नाही.

तेव्हापासून माल आत घालायच्या आधी आणि बाहेर काढायच्या दिवशी ती रवानगीला फोन करते, गाडी लागली का विचारते. नवी मुलं म्हणतात, मॅडमचं किती बारीक लक्ष असतं.

काही महिन्यांनी भावानं तिला घरी बोलावलं. वडिलांची खोली आवरायची होती. कपडे, चष्मे, प्रोजेक्टरच्या जुन्या भिंगाचा एक डबा, एवढाच पसारा. दोघं जमिनीवर बसून आवरत होते. मध्येच भाऊ तिच्याकडे न बघता बोलायला लागला. त्या दिवशी बाबांनी तिचं नाव घेतलं तेव्हा काय सांगावं ते त्याला कळेना. मनात तिच्याबद्दल राग होता, पण तोंडातून दुसरंच निघालं. म्हणाला, ताईच्या भट्टीत आजारी माणसांचं औषध शिजतंय, ते वेळेवर पोचणार आहे, झालं की येते. त्यावर बाबा हसले.

"म्हणाले, रीळ संपू दे तिचं. समोर माणसं बसलीत. मग त्यांनी डोळे मिटले. त्रास नाही झाला, ताई. मीच वेड्यासारखा तुझ्यावर डूख धरून बसलो."

ती भिंगाचा डबा पुसत राहिली. भावानं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"ते औषध पोचलं ना गं वेळेवर?"

तिला शिशाचे डबे दिसले. ती आजवर एकही आकडा न बघता लिहू शकली नव्हती.

"पोचलं," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

भावानं सुस्कारा सोडला आणि तिच्या हातातून डबा घेतला. "बरं झालं," तो म्हणाला. "मी बाबांना तसंच सांगितलं होतं."