हात न लावणाऱ्या बाई

माझ्या नातीचे पाय जन्मापासून ताठ आहेत. तिचा व्यायाम शिकवायला कराडहून एक बाई दर आठवड्याला आमच्या उंब्रजच्या घरी येतात. चप्पल काढतानाच विचारतात, "आज्जी, पोरगी खाली बसली का?" पोरीला मात्र स्वतः हात लावत नाहीत. "मी तासाची पाहुणी. रोज तुम्हीच करायचं."

मी म्हणायचे, "आवं, पगार तुमी घेणार आन् राबायचं आमी व्हय?" त्या हसायच्या.

खाली ठेवली की पोरगी रडते, म्हणून आम्ही तिला कडेवरच घेऊन फिरलो. पाय आणखी आखडले.

परवा बाईंनी काहीच विचारलं नाही. पोरीला मांडीवर घेऊन पाय चोळत बसल्या. सून हरखली, "बघा आत्या, आज बाईंनीच घेतलं!"

बाईंनी आमचा नाद सोडला होता.