मान वळवून

सकाळपासून धुकं दाटलं होतं. भांडी विसळता विसळता ती सारखी मान वळवून मागं बघत होती.

“चोर शिरलाय का गं घरात?” नवरा हसला. तिला मात्र हसू येईना. माहेरी दहा वर्षं जीप हाकलेली बाई, पण या परक्या देशात लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. ‘नुसतं आरशात बघता, मान वळवत नाही,’ हाच शेरा. आज तिसऱ्या परीक्षेतही चुकलं, तर पाळणाघरातली मुलांना गाडीतून ने-आण करायची ठरलेली नोकरी हातची जाणार होती.

परीक्षेत तिनं वळणावळणाला मान अशी फिरवली, की शेजारी बसलेले साहेब म्हणाले, “बाई, अधूनमधून पुढंही बघा!” तिनं झटकन समोर बघितलं. गाडी थांबली. साहेबांनी कागदावर सही केली. “पास.”

घरी येऊन तिनं राहिलेली कढई घासली, आणि फळीवर ठेवण्याआधी खांद्यावरून मागं बघितलं.